निंदणीत सोडलेला आघाडा

उंबरदऱ्याचा इतिहास विचारायला गेलात तर प्रत्येक ओट्यावर तो वेगळा मिळतो. पाटलांच्या ओट्यावर गाव त्यांच्या खापरपणजोबांनी वसवलेलं असतं, मारुतीच्या पारावर ते एका गोसाव्यानं वसवलेलं असतं, आणि तांड्यावर गेलात तर तिथले म्हातारे सांगतात की त्यांचे मिठाचे बैल ओढ्याला पाणी प्यायला थांबले तेव्हा इथं चिटपाखरूसुद्धा नव्हतं. नव्वद उंबऱ्यांचं गाव, अर्ध्या कोसावर तांडा, जवळा बाजारला जाणारा एक रस्ता आणि पलीकडं माळावर गायरान. एवढ्याशा गावाला तीन-तीन जन्म कशाला लागतात कोण जाणे! पण एका गोष्टीवर तिन्ही ओट्यांचं एकमत होतं. गावातून गायरानाकडं एक वाट जायची आणि ती पहिल्यापासून होती.

ती वाट ह्या वैशाखात नांगरली गेली.

वाटेच्या दोन्ही बाजूंचं रान गाव सोडून गेलेल्या एका माणसाचं होतं. त्यानं ते तांड्यावरच्या धर्मसिंगला विकलं आणि विकताना एकसलग म्हणून दाखवलं. धर्मसिंगनं ट्रॅक्टर घातला, बोरीची झुडपं काढली, दगड वेचून बांधाला लावले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळद लावली. गावातल्या बाकीच्यांना त्याची झळ लागली नाही. गायी आता फार कुणाकडं राहिल्या नव्हत्या आणि असलेल्यांना दावणीवरच कुटार मिळत होतं. झळ लागली ती रखमाजीच्या घराला. त्याच्या वाड्यात सत्तर मेंढरं होती आणि त्यांचं पोट गायरानावर होतं.

आता मेंढरं मोठ्या रस्त्यानं वळसा घालून न्यावी लागत. जायला दोन तास, यायला दोन तास. आषाढात वळणावर एका ट्रकखाली दोन मेंढ्या गेल्या, त्यातली एक गाभण होती. रखमाजीचा मुलगा भारत त्या दिवशी रस्त्यात बसून रडला, चांगला तीस वर्षांचा बाप्या. राहिलेल्या मेंढरांचे खूर डांबरानं झिजले आणि त्यांच्या पाठीची हाडं दिसायला लागली. चंद्रभागाबाई, रखमाजीची बायको, रोज संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभी राहून एकेकीच्या पाठीवरून हात फिरवायची. हाताला जे कळायचं ते ती कुणाला सांगायची नाही.

रखमाजीनं तहसीलला अर्ज दिला होता. श्रावणात मंडळ अधिकारी पाहणीला आले. बांधावर चाळीसेक माणसं जमली. गावातली होती, तांड्यावरची होती. साहेबांनी नकाशा उघडून पाहिला आणि घडी घातली.

"ह्या गटातून नकाशावर रस्ता नाही. पण जुनी वहिवाट असेल तर ती धरता येते. वाट नेमकी कुठून जायची, ते दाखवा."

"दावतो की, साहेब. चाळीस साल चाललो म्या," रखमाजी म्हणाला.

"मग व्हा पुढं."

रखमाजी पुढं झाला. हळद तेव्हा गुडघ्याएवढी होती. काठी टेकत तो सरीतून निघाला, मागं साहेब, त्यांच्या मागं सगळं गाव. थोडं चालल्यावर तो थांबला, इकडंतिकडं बघितलं, डोक्याचा पटका सारखा केला आणि पुन्हा निघाला. जिथं वळायचं तिथं बोरीचं झुडूप असायला हवं होतं. ते नव्हतं. काळा धोंडा असायला हवा होता. तोही नव्हता. तो नाकासमोर चालत राहिला आणि रानाच्या मधोमध एका पडक्या विहिरीच्या काठाला जाऊन उभा राहिला. पुढं पाऊल टाकायला जागा नव्हती.

धर्मसिंगचा पुतण्या रणजीत म्हणाला, "काका, मेंढरं हिरीत उतरून जायाची का तुमची?"

सगळे हसले. तांड्यावरचे हसले ते ठीक, पण गावातलेही हसले. साहेबसुद्धा मान खाली घालून मिशीत हसले. रखमाजी विहिरीच्या काठावर उभाच होता. चंद्रभागाबाईला वाटलं, धावत जाऊन त्याच्या हाताला धरावं आणि घरी न्यावं. पण एवढ्या माणसांत ते कसं करणार? ती पदराचं टोक चावत बांधावर उभी राहिली.

"खूण आढळली नाही, असं लिहावं लागेल," साहेब म्हणाले. "महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी मला पुन्हा ह्या भागात यायचं आहे. तोवर काही पुरावा असेल तर दाखवा. नसेल तर प्रकरण बंद."

घरी आल्यावर रखमाजी जेवला नाही. सून राधिकानं ताट पुढं सरकवलं, त्यानं ते परत सरकवलं.

"आवो, इतक्या सालाची वाट, कशी काय चुकली?" चंद्रभागाबाईनं शेवटी विचारलंच.

"मेंढरं म्होरं असत्यात अन् म्या मागं," तो म्हणाला. "लंगडी मागं पडली का, कोकरू चुकलं का, ते बघायचं का रस्ता बघायचा? मेंढरं जायाची तिकडं म्या जायाचो. मला कुठं कुणी म्होरं घातलं व्हतं आजवर?"

खरंच होतं ते. चंद्रभागाबाईनं दुसऱ्या दिवशी स्वतः बांधावर जाऊन पाहिलं. नवरी होऊन आली तेव्हापासून ती त्या वाटेनं भाकरी घेऊन गेली होती, ओटीत कोकरं घेऊन आली होती. पण समोर नुसतं हिरवंगार रान पसरलेलं. तिलाही काही सांगता येईना.

पोळा झाला आणि रखमाजीनं मेंढरं विकायची ठरवली. जवळा बाजारच्या व्यापाऱ्याला त्यानं निरोप धाडला, महालक्ष्म्या जेवल्या की टेम्पो घेऊन या. हे तो भारतला बोलला, चंद्रभागाबाईला नाही. पण एका खोलीच्या घरात कोणतं बोलणं लपतं? ती चुलीपुढं बसून ऐकत होती. मेंढरं गेली की भारत पुण्याकडं कुठल्या तरी कंपनीत जाणार, त्याच्या मागं राधिका जाणार, आणि आपण दोघं रिकाम्या वाड्याकडं बघत बसणार, हे तिला सरळ दिसलं.

त्याच आठवड्यात धर्मसिंगची बायको रुख्मिणीबाई स्वतः दारात आली.

"चंद्रभागाबाई, हळदीची तिसरी निंदणी आलीय. बाया मिळून नाहीत राहिल्या. येतीस का?"

रखमाजी ओट्यावर होता. तो उठून मागच्या दारानं निघून गेला.

"भांडण गड्यांचं हाय," रुख्मिणीबाई हळू आवाजात म्हणाली. "तुझ्यासारखं निंदणारं दुसरं कोण हाय गावात?"

हे खोटं नव्हतं. चंद्रभागाबाईची पात, म्हणजे तिच्या वाट्याला आलेली ओळ, सारवल्यासारखी व्हायची. तिच्या खुरप्याखालून गवताची काडी सुटायची नाही आणि पिकाला धक्का लागायचा नाही. पहिल्या दोन निंदण्यांच्या वेळी ती भारतबरोबर मेंढरांमागं होती. आता घरात बसून भिंती बघण्यापेक्षा रान बरं, असा विचार करून तिनं खुरपं घेतलं.

हळद आता कमरेएवढी झाली होती. पानांच्या खाली वारा नव्हता. आठ बाया आठ पाती धरून बसल्या, घामानं पाठी चिकटल्या, डास कानाशी गुणगुणत होते. पहिल्या दिवशी लव्हाळा, केना असं नेहमीचं तण निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभागाबाईच्या हाताला आघाडा लागला. तिनं तो उपटला. पुढं आणखी दोन होते, ते उपटले. मग एकदम दाटीच लागली. तिच्या लुगड्याच्या काठाला आघाड्याचे दाणे चिकटले आणि ती सवयीनं ते एकेक काढायला लागली.

काढता काढता तिचा हात थांबला. असे दाणे तिनं जन्मभर काढले होते. लुगड्याचे नाहीत, लोकरीचे. कातरणीच्या आधी मेंढरू मांडीत आडवं घेऊन त्याच्या पोटाखालचा आघाडा वेचायचा, हे काम बायांचंच. मेंढरं गायरानावरून तो अंगावर घेऊन यायची आणि अर्धाअधिक वाटेतच गाळायची.

ती कंबर धरून उभी राहिली. मागं निंदलेली पात साफ होती, तिच्यात आघाडा नावाला नव्हता. डावीकडच्या आशाबाईच्या पातीत लव्हाळाच होता. पण पुढं हळदीच्या पानांतून आघाड्याचे लालसर तुरे डोकं वर काढून उभे होते. दोन-तीन हातांचा पट्टा होता. तो सरळ नव्हता. विहीर दिसली तसा तो वळला होता, चांगला वीस पावलं बाजूनं गेला होता आणि मग गायरानाकडं चढला होता. ते वळण तिच्या पायांना ओळखीचं वाटलं. डोक्यावर भाकरीची पाटी असली की तिथं मान सांभाळावी लागायची.

"काय झालं गं?" आशाबाईनं विचारलं.

"काई न्हाई. पाय आखडला."

ती खाली बसली. हातात खुरपं आणि समोर आघाडा. तणच ते, उपटण्यासाठीच तिला बोलावलं होतं. सहा-सात झाडं तिनं आत्ताच स्वतःच्या हातानं उपटून टाकली होती, त्याची तिला भयंकर हळहळ वाटली. तिनं आजूबाजूचा केना काढला, लव्हाळा काढला आणि आघाडा तसाच ठेवून पुढं सरकली. पात पुरी झाल्यावर दुसरी घेतली आणि तिच्यातही तेच केलं. बाकीच्या बायांनाही ती म्हणाली, "एवढा पट्टा माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." आयुष्यात पहिल्यांदा ती खराब काम करत होती आणि त्याची लाजही वाटत होती.

संध्याकाळी रुख्मिणीबाई पाती बघायला आली. बाया डबे बांधत होत्या.

"हे कुणी निंदलं?"

आशाबाईनं चंद्रभागाबाईकडं पाहिलं.

"चंद्रभागाबाई, तू? आगं, हे काय केलंस? कमरेएवढा आघाडा उभा हाय! माझ्या रानात काहून असं? भांडणाचा राग कामावर काढून राहिलीस का?"

बाकीच्या बाया पाहत होत्या. चंद्रभागाबाईचा चेहरा तापला. निंदणीवरून तिला आजवर कुणी वर मान करून बोललं नव्हतं. तिनं बायांना पुढं जाऊ दिलं आणि मग म्हणाली, "रुख्माबाई, इथं ये. इथून बघ जरा."

रुख्मिणीबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. उतरत्या उन्हात आघाड्याचे तुरे चमकत होते. सांगायला फार काही लागलं नाही. रुख्मिणीबाईनं विहिरीकडं पाहिलं, मग वळणाकडं पाहिलं.

"वाट व्हती, हे मला काय म्हाईत न्हाई?" ती म्हणाली. "ह्याच वाटेनं सरपण आणलं म्या धा साल. पण घरधनी म्हणतो, एकसलग घेतलं, एकसलगच ऱ्हाईल. घरात ऱ्हाऊन म्या काय बोलू?"

"म्या तुला बोल म्हणून न्हाई राहिले. फकस्त मंगळवारपर्यंत ठिव. सायेब येऊन जाऊ दे. मग म्या एकटी येऊन काढून देते."

"अन् त्येनं इचारलं, निंदणी झाली अन् हे काय राहिलं, तर?"

रुख्मिणीबाईनं पदर खोचला.

"हे बघ, उद्या पात साफ पायजे. तुला व्हत नसंल तर येऊ नको."

चंद्रभागाबाई गेली नाही. तीन दिवस ती घरीच होती. महालक्ष्म्यांसाठी घर सारवलं, पीठ दळून आणलं, पण मन त्या पट्ट्यात होतं. रखमाजीला तिनं सांगितलं नाही. पुन्हा सगळ्या गावापुढं त्याला विहिरीच्या काठावर उभं करायचं तिच्या मनाला पटेना. राधिकाला मात्र सांगितलं. राधिका गव्हाची चाळण हातात घेऊन ऐकत राहिली.

"आत्या, उपटला असंल का हो त्यांनी?"

"उपटला असंल. तिचं रान, तिचं पीक. कोण ठिवील?"

"पण मंगळवारी तुमी जा. म्या येते संगं."

मंगळवारी साहेब अकरा वाजता आले. ह्या वेळी माणसं कमी होती. धर्मसिंग होता, रणजीत होता, गावातले पाच-सात जण होते. रखमाजी मेंढरं भारतकडं देऊन आला होता, पण सगळ्यांच्या मागं उभा होता. साहेबांनी विचारलं, "काही पुरावा?" त्यानं मान हलवली.

चंद्रभागाबाई बांधावर चढली आणि जागच्या जागी थबकली.

रान आरशासारखं साफ होतं. एकेक सरी वेचून काढलेली, लव्हाळ्याची काडी नाही, केन्याचं पान नाही. आणि त्या साफ रानातून आघाड्याचा तो पट्टा पाण्याच्या पाटासारखा वळत गेला होता. एक झाड हललं नव्हतं. त्या दिवशी तणातून तो शोधावा लागत होता, आज आंधळ्यालाही दिसला असता.

तिनं रुख्मिणीबाईकडं पाहिलं. रुख्मिणीबाई दुसरीकडं पाहत होती.

"सायेब," चंद्रभागाबाईनं हाक मारली. मग तिनं आणखी मोठ्यानं मारली. "सायेब, वाट तिथं हाय. तो आघाडा बघा."

"आघाडा? ते तण आहे ना?"

"तण हाय. पर ते आख्ख्या रानात कुठंच न्हाई, तेवढ्यात हाय. मेंढराच्या लोकरीला लागून येतं अन् वाटंत गळतं. पन्नास साल गळत आलंय ते. तुमी चालून बघा, गायरानाला निघतं का न्हाई."

रणजीत म्हणाला, "आघाडा काय, बांधाला कुठंबी उगवतो."

"कुठं उगवतो? दाखव!" हा आवाज आशाबाईचा होता. ती आणि गावातल्या चार बाया टोपल्या घेऊन बांधावर येत होत्या. त्यांना बोलावून आणणारी राधिका पुढं होती. "बांधाला तुमी सारे तणनाशक मारता. दोन दिस फिरून राहिलो, महालक्ष्मीला आघाड्याची काडी मिळंना. दरसाली गायरानाच्या वाटंवरून न्यायचो आमी. माझी सासू न्यायची, तिची सासू न्यायची."

"कुठून न्यायच्या?" साहेबांनी विचारलं.

"ह्या काय, इथून!" म्हणत आशाबाई रानात शिरलीसुद्धा. तिच्या मागं बाकीच्या. कुणी कुणाला विचारलं नाही. त्या एकामागं एक चालत गेल्या, विहिरीपाशी वळल्या आणि पलीकडं चढावर जाऊन आघाडा खुडायला लागल्या.

मग साहेबांनी पँटला चिखल लागू नये म्हणून ती वर धरली आणि स्वतः त्या पट्ट्यातून चालत गायरानापर्यंत जाऊन आले.

"निंदणी झालेली दिसते," ते परत येऊन म्हणाले. "मग एवढंच का राहिलं? हे मुद्दाम कुणी ठेवलं का?"

धर्मसिंगनं चंद्रभागाबाईकडं बोट केलं. "सायेब, ही बाई आमच्याच रानात निंदायला होती. हिनंच..."

"म्या ठिवलं," रुख्मिणीबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. धर्मसिंगचं बोट तसंच वर राहिलं.

"निंदणी माझी हाय. तीन दिस म्या सोता बसून काढली, माझे हात बघा. आघाडा उगवला तो खरा उगवला. म्या फकस्त उपटला न्हाई." मग ती नवऱ्याकडं वळून तांड्याच्या बोलीत काही म्हणाली. ते कुणाला कळलं नाही, पण धर्मसिंगनं हात खाली घेतला.

त्यानं पायाखालचं ढेकूळ टाचेनं फोडलं.

"सायेब, मला इकणाऱ्यानं एकसलग दाखवलं," तो म्हणाला. "म्या लबाडी न्हाई केली."

"न्हाई केली," चंद्रभागाबाई म्हणाली. "ते खोटं बोलले न्हाईत, सायेब. तसं लिहा."

साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला. वाट मोकळी करायची, असं त्यांनी सांगितलं. धर्मसिंग उभ्या हळदीकडं पाहत होता. आता ह्यातून सत्तर मेंढरं गेली तर काय उरेल, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेव्हा सगळ्यांच्या मागं उभा असलेला रखमाजी त्या दिवशी पहिल्यांदा पुढं आला.

"हळद उभी हाय तवर म्या मेंढरं घालीत न्हाई," तो म्हणाला. "फागुनात काढा, मग वाट मोकळी करा. तवर आमी वळशानं जाऊ. पिकावर मेंढरू घालावं असं आमच्यात न्हाई."

धर्मसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. "अन् हळद निघाल्यावर मेंढरं बसवाल का माझ्या रानात? लेंडीखत पायजे मला."

"तीन दिस बसवतो."

"पाच."

"चार," रखमाजी म्हणाला, "अन् चार दिस जेवण तुमच्याकडं."

बाया टोपल्या घेऊन खाली येत होत्या, त्या हसायला लागल्या. धर्मसिंगलाही हसू आवरलं नाही. चंद्रभागाबाईचे डोळे भरून आले. ती पुसायच्या भानगडीत पडली नाही. ती सरळ रुख्मिणीबाईकडं गेली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. खुरप्यानं सोललेले, हळदीच्या मातीनं काळे झालेले.

"आगं, किती वेळ लागला असंल तुला!"

"लागला. तुझ्यासारखं मला कुठं जमतंय," रुख्मिणीबाई म्हणाली.

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळा बाजारचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. निरोप फिरवायचं घरातले सगळेच विसरले होते. भारत वाड्याचं तोंड उघडून मेंढरं बाहेर काढत होता, राधिका एका अशक्त मेंढीच्या खुराला तेल लावत होती. रखमाजी टेम्पोकडं बघून गोंधळला आणि बायकोकडं पाहिलं.

चंद्रभागाबाई पुढं झाली. "दादा, तकलीफ झाली तुमाला. मेंढरं इकायची न्हाईत."

"निरोप तर आला होता, बाई."

"आला व्हता. आता न्हाई इकायची."

"मग पुन्हा कधी येऊ?"

"मेंढरासाठी कवाच येऊ नका," ती म्हणाली. "आता चहा घेऊन जा."

व्यापारी चहाला बसला. रखमाजीनं पटका बांधला आणि काठी घेतली. वळशाची वाट अजून सहा महिने चालायची होती. ऊन चढायच्या आत ट्रकांचं वळण पार व्हावं, म्हणून तो भारतला घाई करत मेंढरांच्या मागं निघाला.